हात न लागणारं काम

"घाबरू नका मॅडम, आरामात काढा," असं म्हणून त्या मुलानं माझ्या हातात मार्कर दिला.

मुलगाच म्हणायचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी तरी लहान असेल. पण त्या खोलीत तो परीक्षा घेणारा होता आणि मी देणारी. त्याचं नाव कौस्तुभ. त्याच्या शेजारी त्याच्या वरिष्ठ, वैजयंती मॅडम, लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. पुण्यात खराडीला एका काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ही कंपनी होती. विमा कंपन्यांची माहिती घ्यायची आणि पुढं काय होण्याची शक्यता आहे ते त्यांना सांगायचं, असं तिचं काम. फोनवरची फेरी झाली होती, कॉम्प्युटरवरची परीक्षा झाली होती, दोन्हींत मी वरच्या नंबरात होते. आता ही समोरासमोरची शेवटची फेरी. वैजयंती मॅडम मघाशी हसून म्हणाल्या होत्या की ही फक्त ओळख करून घेण्यापुरती आहे.

कौस्तुभनं माझ्या प्रोजेक्टबद्दल विचारलं होतं. रूट कॅनॉलची ट्रीटमेंट अर्ध्यात सोडून जाणारे पेशंट आधीच ओळखता येतील का, यावर मी कोर्समध्ये काम केलं होतं. त्याला एक आलेख फळ्यावर काढून हवा होता. सोडून जाणारे पेशंट आपण किती बरोबर पकडले ते एका बाजूला, आणि न जाणाऱ्यांवर उगाच किती संशय घेतला ते दुसऱ्या बाजूला. आमच्या वर्गातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं तो काढला असता.

मी फळ्यापाशी गेले. मार्कर टेकवला. उभी रेघ काढायला घेतली ती करवतीच्या दात्यांसारखी खाली उतरली.

पुसली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुन्हा काढली. ती पहिलीपेक्षा वाईट आली. मार्करचं टोक फळ्यावर टकटक वाजत होतं.

"पाणी घ्या ना," कौस्तुभ म्हणाला, आणि त्यानं काठोकाठ भरलेला ग्लास माझ्यापुढं सरकवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्यासमोर एक पोक्त बाई नर्व्हस झाली आहे आणि तिला धीर द्यायला हवा, एवढंच त्याला दिसत होतं. मी त्या ग्लासकडं बघत उभी राहिले. तो उचलला असता तर निम्मं पाणी माझ्या साडीवर गेलं असतं.

मी मुळात दातांची डॉक्टर. मिरजेत मार्केटपासून जवळ अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दवाखाना होता. डॉ. जिनपाल मगदूम हे नाव आमच्या भागात आजही घेतलं जातं. दाढ काढताना दुखत नाही अशी त्यांची ख्याती होती. शिरोळ-जयसिंगपूरकडून माणसं त्यांच्याकडं यायची. मी शिकून परत आले आणि वर्षाच्या आतच अण्णांनी दवाखाना माझ्या हवाली केला. ते तेव्हा साठीच्याही अलीकडं होते. लोकांना नवल वाटलं. मलाही वाटलं, पण जास्त आनंदच झाला. आता आपल्याला धर्माकडं लक्ष द्यायचंय, असं ते म्हणाले आणि तसं वागलेही. बाहेरचं खाणं बंद केलं. लग्नाकार्यात गेले तरी पंगतीला बसायचे नाहीत, अक्षता टाकून परत यायचे. मगदूम डॉक्टर आता व्रती झाले, असं आमच्या जैन समाजात कौतुकानं बोललं जायचं.

दवाखाना सोडला तरी दवाखान्यात येणं मात्र त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी यायचे, कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि मी काम करताना बघत राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. पेशंटच्या तोंडात वाकलेलं असताना पाठीवर बापाची नजर असणं काय असतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, असंच मी धरून चालले होते. एकदा न राहवून मी म्हणाले, अण्णा, तुम्ही घरी आराम करा की. ते हं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले.

असंच एक दिवस मी शाळेतल्या एका बाईंचा दात तपासत होते. दात बघायचा छोटा आरसा असतो, तो माझ्या हातात होता. तो त्यांच्या दातांवर टकटक वाजायला लागला. त्या तोंड मिटून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला थंडी वाजतेय का?" एप्रिल महिना होता. मी हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा उठून उभे राहिले होते आणि तसेच बाहेर निघून गेले.

पुढं ते वाढत गेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी मला कागदावर गोल गोल वळणं काढायला लावली, कप धरायला लावला, आणि सांगितलं की हा हात थरथरण्याचा आजार आहे. जिवाला धोका नाही, पूर्ण बरा होत नाही. बऱ्याचदा घराण्यात असतो. आई-वडिलांपैकी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती आणि तिचे हात भरतकाम करणारे होते. संध्याकाळी मी अण्णांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर मांडीवर पसरलेला होता. वर न बघता म्हणाले, "आपल्यात कुणाला नाही. मन घट्ट कर. दगदग कमी कर."

गोळ्यांनी थोडा फरक पडला. पण दाताच्या डॉक्टरला थोडा फरक चालत नाही. पुढं एकदा ड्रिलचं टोक एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गालाला आतून लागलं. नखाएवढी जखम, दोन दिवसांत भरणारी. ते बिचारे म्हणाले, होतं असं, तुम्ही चालू द्या. मी त्यांची जखम साफ केली, हातमोजे काढले आणि नंतर कधी घातले नाहीत.

वय पस्तीस. मुलगी, ओवी, दुसरीत. शिकलेलं सगळं हातात, आणि हातच गेलेला. घरात बसून मी भिंतीकडं बघत राहायचे. अभिनंदन, माझा नवरा, सांगलीच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यानंच शोधून काढलं की पुण्यात डेटा सायन्सचा सहा महिन्यांचा बूटकॅम्प आहे. आधी कॉम्प्युटर शिकलेला नसला तरी चालतो, फक्त गणिताची भीती नसावी. "तुला गणित आवडायचं," तो म्हणाला. "आणि या कामाला हात लागत नाही." हे दुसरं वाक्य ऐकून मी त्याच्या गळ्यात पडून रडले होते.

ओवीला सोडून जायचं, दवाखाना दुसऱ्याला चालवायला द्यायचा, हे अण्णांना सांगायची मला धास्ती होती. वाटलं होतं, ते अडवतील. इतक्या वर्षांचं नाव असं बुडवतेस का, म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "जा," एवढंच म्हणाले. ओवीला मी बघतो, म्हणाले. मी खरं तर सुटले, पण आत कुठंतरी लागलंही. थांब म्हणायलासुद्धा यांना मी पुरेशी वाटले नाही, असं वाटलं.

बूटकॅम्पचे ते महिने मी सांगायला बसले तर थांबणार नाही. बाणेरला एका बँकेच्या वर वर्ग होता. बांधकामातले इंजिनियर होते, हॉटेलमधून आलेला एकजण होता, भरतनाट्यम शिकवणारी एक मुलगी होती. बहुतेक सगळे माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला "डॉक्टर" म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. पहिले काही आठवडे मला कशाचं काही कळत नव्हतं. कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायच्या, त्या एका चिन्हानं चुकल्या तर सगळं अडून बसायचं. माझ्या बाबतीत तर एक अक्षर दाबलं की ते दोनदा उमटायचं. बाकीच्यांना आपली चूक सापडत नसे तेव्हा ते डोकं धरून बसायचे. मला माझी चूक कुठं असणार ते आधीच ठाऊक असायचं.

पण हळूहळू रुळले. हजारो माणसांची माहिती समोर ठेवायची, आधी तिच्यात काहीच दिसत नाही, आणि मग तिला योग्य प्रश्न विचारला की एखादी गोष्ट वर येते. त्या क्षणी मला एखादी अवघड दाढ अख्खी निघाल्यासारखं वाटायचं. हाताचा विषय मी कुणाजवळ काढला नाही. फक्त फरझानाला माहीत होतं. ती लातूरकडची, शाळेत गणित शिकवायची, आमची खोली एकच होती. ती म्हणायची, मुलाखतीच्या आधी सांगून टाका दीदी, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मी नाही म्हणायचे. जिथं हात कुणी विचारणार नाही अशा जागी जायला मी घरदार सोडून आले होते. तिथं जाऊन पहिलं वाक्य हाताचंच बोलायचं, हे मला नको होतं.

आणि इथं, शेवटच्या फेरीत, माझ्या हातात मार्कर होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी मार्कर टेबलावर ठेवला. तो ठेवतानाही खडखडला.

"मी घाबरलेली नाही," मी म्हणाले. "माझा हात थरथरतो. आजार आहे तो."

कौस्तुभचा चेहरा एकदम लाल झाला. सॉरी, सॉरी म्हणत तो उठला, मार्कर घेतला आणि म्हणाला, तुम्ही सांगा, मी काढतो. मग मी सांगत गेले आणि तो काढत गेला. त्याचा हात सुरेख होता. एका ओढीत त्यानं आलेखाची वळणदार रेघ वर नेली. मी सगळं बरोबर सांगितलं. त्यानंतरच्या प्रश्नांची उत्तरंही बरोबर दिली. पण मघाचं काहीतरी त्या खोलीतून निघून गेलं होतं. मघाशी ते दोघं माझ्याशी वाद घालत होते, माझं म्हणणं खोडून काढत होते. आता ते माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसल्यावर माणसं बोलतात, तसे बोलत होते.

शेवटी वैजयंती मॅडमनी लॅपटॉप मिटला. फार हळुवारपणे त्यांनी विचारलं की कामाचा ताण असतो, ग्राहकांच्या बैठकीत उभं राहून मांडणी करावी लागते, हे जमेल ना. मी जमेल म्हणाले. त्या म्हणाल्या, "नक्कीच. आम्ही कळवतो."

लिफ्टमध्ये चारी बाजूंनी आरसे होते. मी डोळे मिटून उभी राहिले.

खाली स्वागतकक्षात अण्णा बसले होते. त्या दिवशी त्यांनी मिरजेहून पुण्याला येण्याचा हट्ट धरला होता. कॉलेजातल्या एका जुन्या मित्राला भेटायचंय, असं कारण सांगितलं होतं. पण मित्राकडं गेलेच नाहीत, सकाळी थेट माझ्याबरोबर इथं आले आणि त्या गुबगुबीत सोफ्याच्या टोकाला, पांढरी टोपी, पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसून राहिले. मला बघून उठले. माझ्या चेहऱ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या हाताकडं पाहिलं.

"काही लिहायला लावलं का?" त्यांनी विचारलं.

कशी झाली, असं नाही. काय म्हणाले, असंही नाही. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चल, कुठंतरी चहा घेऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कित्येक वर्षांत त्यांनी घराबाहेर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पण ते रस्ता ओलांडून समोरच्या उडपी हॉटेलात शिरलेसुद्धा. मी मागोमाग गेले. ऑफिसातल्या पोरांची गर्दी होती, भिंतीकडेच्या एका टेबलावर आम्हाला जागा मिळाली. त्यांनीच दोन चहा सांगितले. मी अर्धा कप आणा, म्हणाले, कारण अर्धा असला की मला दोन्ही हातांनी धरून पिता येतो. वेटरनं दोन्ही ग्लास भरून आणले.

चहा समोर. दोघांचेही हात टेबलाखाली. बाजूच्या टेबलावरची पोरं कुणाच्या तरी वाढदिवसाचं बोलत होती. मला वाटत होतं, आता ते म्हणणार, मन घट्ट कर. आणि ते तसं म्हणाले तर मी उठून निघून जाणार होते. मी ठरवलंच होतं.

"सुनीती," ते म्हणाले. "बघ."

त्यांनी उजवा हात टेबलावर आणला, सावकाश ग्लास धरला आणि उचलला. ग्लास टेबलापासून वीतभरही वर गेला नसेल. चहा दोन्ही बाजूंनी उसळून त्यांच्या बोटांवर, सदऱ्याच्या बाहीवर, टेबलावर सांडला. गरम असणार. त्यांनी हात मागे घेतला नाही. ग्लास तसाच हवेत धरून ठेवला, अगदी रिकामा होत आला तरी. मग खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

वेटर फडकं घेऊन आला. टेबल पुसून गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू तिसऱ्या वर्षाला होतीस."

मी मनात हिशेब मांडत होते आणि तो मला मांडायचा नव्हता. तिसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आले होते आणि मला तोंडाच्या शस्त्रक्रियेत पुढचं शिकायचंय, असं त्यांना सांगितलं होतं. ते तेव्हा म्हणाले होते, नको, दवाखाना सांभाळ. मी ते आयुष्यभर त्यांच्या स्वार्थाच्या खात्यात टाकलं होतं.

"म्हणून दवाखाना मला दिलात?"

"दिला कसला. माझ्या हातून गेलाच होता तो." ते म्हणाले. "लोकांना काहीतरी सांगावं लागतं. पंगतीत बसलो असतो तर दिसलं असतं. भात तोंडापर्यंत जाईना. एकदा नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, मग लोकच म्हणायला लागले डॉक्टर व्रती झाले. मी म्हणू दिलं."

मंदिरात अभिषेकाला उभं राहणंही त्यांनी त्याच सुमारास सोडलं होतं, ते मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. पर्युषणात कलश पुढं केला की ते मागच्याला पुढं करायचे, आणि केवढा हा विनय, असं बायका म्हणायच्या.

"मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी घरी येऊन तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणाले.

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो म्हणालो असतो तर तुला ते माझ्याकडून आलं असं झालं असतं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "नाही म्हटल्यानं काही बदललं नाही. ते मला कळतं. डॉक्टर आहे मी. पण त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, आणि त्या दिवशी निघालं नाही म्हटल्यावर नंतर निघेना."

मग त्यांनी ते सांगितलं. दवाखान्यात त्या वेताच्या खुर्चीत बसून ते माझं काम बघत नव्हते. काम कसं करतेस ते बघायची गरजच नव्हती, ते म्हणाले, पहिल्या महिन्यातच कळलं होतं की हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ते नुसते हात बघायचे. सकाळी येऊन बसायचे, दुपारपर्यंत बघायचे, आणि आज काही नाही, असं मनाशी म्हणून जेवायला घरी जायचे.

"इतकी वर्षं?" मी विचारलं.

"आठ वर्षं काही झालं नाही. मला वाटायला लागलं होतं, सुटलीस."

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही असेल, पण आधी आला तो संताप. मी आवाज चढवला नाही, पण शेजारच्या टेबलावरची पोरं बोलायची थांबली. मी म्हणाले, मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दातांचं सोडून दुसरं काही शिकले असते. निदान हात गेला तर काय करायचं याचा विचार करून ठेवला असता. पस्तिसाव्या वर्षी पोरीला सोडून, पोरांच्या वर्गात बसून, कुठलंतरी नवीन काम शिकायची वेळ आली नसती. मी वर्षभर भिंतीकडं बघत बसले होते अण्णा, आणि तुम्ही त्याच घरात होतात.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं. वाद घालायला नव्हे. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण जे केलं असतं ते मी ठरवलं असतं."

बाहीवरचा चहाचा डाग ते डाव्या हातानं चोळत राहिले. डावाही हलत होता. मी तो पहिल्यांदा नीट बघत होते. एका घरात राहून, एका दवाखान्यात वावरून, डॉक्टर असून मला हे दिसलं नव्हतं, इतक्या शिताफीनं त्यांनी आपलं आयुष्य आवरून घेतलं होतं. पेपर मांडीवर, हात खिशात, जेवण सगळ्यांच्या आधी आणि एकट्यानं, सही करायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला. ते करायला किती कष्ट पडले असतील, याचा अंदाज फक्त मलाच येऊ शकत होता, कारण सहा महिने मी वर्गात तेच करत होते.

माझ्या पुढ्यातला चहा गार झाला होता. त्यावर साय धरली होती. विचारू नये असं वाटत असताना मी विचारलं.

"आणि ओवी?"

त्यांनी हे आधीच मनात धरलं होतं. प्रश्नानं ते दचकले नाहीत. रस्त्याकडं बघत म्हणाले, "ती चित्रं काढायला बसली की मी उठून बाहेर जातो."

आम्ही त्याच दुपारच्या गाडीनं मिरजेला परत आलो. साताऱ्याच्या अलीकडं केव्हातरी त्यांना झोप लागली आणि झोपेत त्यांचे हात अगदी शांत, मांडीवर पडले होते. या आजारात झोपेत हात हलत नाहीत, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी ते बघत बसले. घरी पोचल्यावर अभिनंदननं चहा केला, आणि अण्णांनी त्याच्यासमोर, ओवीसमोर चहाचा ग्लास उचलला. ओवी म्हणाली, आजोबा, सांडला की. ते म्हणाले, सांडणारच, बाळ.

त्या कंपनीचं पत्र आठवड्यानं आलं. फार सभ्य पत्र होतं. माझ्या ज्ञानाची त्यांनी तारीफ केली होती आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या होत्या. बूटकॅम्पमधल्या बहुतेकांना तोवर कुठं ना कुठं काम मिळालं, फरझानालाही मिळालं. मला मिळायला त्यानंतर वर्ष जावं लागलं. तोवरच्या प्रत्येक मुलाखतीत मी पहिलं वाक्य हाताचं बोलत गेले. काहींनी ऐकून घेतलं आणि नंतर फोन केला नाही. शेवटी कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीत, घरून करण्याचं काम मिळालं, तेही विम्याचंच. मी अजून तेच करते. काम चांगलं आहे. एखाद्या वयाच्या, एखाद्या आजाराच्या हजार माणसांतल्या साधारण कितींचं काय होईल, ते मी दिवसभर सांगत असते आणि ते बऱ्यापैकी खरं ठरतं.

अण्णा नंतर चार वर्षं होते. शेवटी शेवटी मी त्यांना भरवायचे. माझा हात हलायचा, त्यांची मान हलायला लागली होती, घास नेमका तोंडात जायला फार वेळ लागायचा. दोघांनाही घाई नसायची. त्या हॉटेलातल्या बोलण्याचा विषय त्यांनी किंवा मी कधीच काढला नाही. मी त्यांना माफ केलं का, असं मला अभिनंदननं एकदा विचारलं होतं. मला सांगता आलं नाही.

ओवी तेरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शाळेला निघायच्या आधीची वेळ होती, ती माझ्यासमोर जमिनीवर बसून केस विंचरत होती. आजोबांचं सांगितलं, माझं सांगितलं, आणि हे आई-बापाकडून मुलांत येऊ शकतं, तेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे मलापण होणार?" तिनं विचारलं.

"होईल किंवा नाही होणार. दोन्ही सारखंच शक्य आहे."

"कधी कळेल?"

"तेही सांगता येत नाही."

ती वळून माझ्याकडं बघत म्हणाली, "पण तुझं ऑफिसात हेच काम आहे ना? कुणाला काय होणार ते काढायचं? मग माझं काढ की."

"एका माणसाचं नाही गं निघत."

तिला ते पटलं नसावं. तिनं आपले दोन्ही हात पुढं धरले, बोटं ताठ केली आणि त्यांच्याकडं टक लावून पाहत राहिली. मीही पाहत राहिले. हात स्थिर होते. ती तेरा वर्षांची होती, ते स्थिर असणारच होते, त्यावरून काही कळत नव्हतं.

मग तिनं हात खाली घेतले, माझ्याकडं पाठ केली आणि खांद्यावरून कंगवा मागं दिला.

"आज तू घाल वेणी."

"वाकडी येईल."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि मान ताठ धरून बसून राहिली.